कोल्हापूरच्या क्षितिजावर ध्रुवीय प्रकाश दिसेल का?

या महिन्यात आलेल्या पत्रांपैकी बरीच पत्रे एकाच विषयाची आहेत. मे २०२४ मध्ये लडाखमधील हानले येथून लालसर आकाशाची छायाचित्रे प्रसिद्ध झाली, तेव्हापासून ध्रुवीय प्रकाशाबद्दलची, म्हणजे अरोराबद्दलची, विचारणा अधूनमधून होत होती. आता ती इतकी वाढली आहे की या वेळचे संपूर्ण सदर तिलाच द्यावे असे ठरवले. सारख्या आशयाची पत्रे एकत्र करून उत्तरे दिली आहेत.

प्रश्न : आमच्या गटावर एक छायाचित्र फिरत आहे. त्यात पन्हाळ्याच्या तटबंदीमागे हिरवे आणि जांभळे पडदे आकाशभर पसरलेले दिसतात व खाली ‘सौर वादळाच्या रात्री पन्हाळ्यावरून’ असे लिहिले आहे. हे खरे असू शकते का? वादळ पुरेसे मोठे असेल तर कोल्हापूरहून काही दिसण्याची शक्यता आहे का? (एक वाचक, राजारामपुरी)

आपण वर्णन केलेले छायाचित्र खरे असू शकत नाही, आणि हे सांगायला त्या रात्री वादळ होते की नव्हते याची चौकशी करण्याचीसुद्धा गरज नाही. कारण साध्या भूमितीत आहे. ध्रुवीय प्रकाशाच्या हिरव्या पडद्यांची खालची कडा जमिनीपासून साधारण १०० किलोमीटर उंचीवर असते. पृथ्वी गोल असल्यामुळे १०० किलोमीटर उंचीवरची वस्तू फार तर ११०० किलोमीटर अंतरावरून क्षितिजाला टेकलेली दिसते. त्यापलीकडे ती क्षितिजाखाली जाते. कोल्हापूरपासून सरळ उत्तरेला ११०० किलोमीटर मोजले तर आपण अजमेर-जयपूरच्या आसपास पोहोचतो. म्हणजे हिरव्या प्रकाशाची कडा आपल्या क्षितिजाला नुसती शिवण्यासाठी तो राजस्थानच्या डोक्यावर उभा असला पाहिजे, आणि तो पन्हाळ्यावर आकाशभर पसरण्यासाठी जवळजवळ पन्हाळ्याच्याच माथ्यावर असला पाहिजे. असे झाले असते तर ती बातमी आपल्या गटावर येण्याआधी साऱ्या जगात पोहोचली असती.

लाल प्रकाशाची गोष्ट थोडी वेगळी आहे, कारण तो बराच वर, २०० किलोमीटरच्या पुढे, असतो आणि मोठ्या वादळात त्याचा माथा ४०० किलोमीटर किंवा त्याहूनही वर जातो. ४०० किलोमीटर उंचीचा माथा सुमारे २२०० किलोमीटरवरून क्षितिजाला टेकलेला दिसू शकतो. कोल्हापूरचा अक्षांश १६.७ अंश आहे. त्यात हे अंतर मिळवले तर आपण साडेछत्तीस अंशांवर, म्हणजे काराकोरम पर्वतरांगेच्याही किंचित उत्तरेला पोहोचतो. म्हणून आपल्या प्रश्नाच्या दुसऱ्या भागाचे नेमके उत्तर असे की, लाल प्रकाश काराकोरमच्या माथ्यावर उभा राहिला तर त्याचे वरचे टोक कोल्हापूरच्या उत्तर क्षितिजाला स्पर्श करील. मात्र क्षितिजाला स्पर्श करणे म्हणजे दिसणे नव्हे. क्षितिजालगतच्या चार-पाच अंशांत धूळ, धुके आणि गावांचे दिवे एवढे असतात की तेथे ठळक तारेसुद्धा विझल्यासारखे दिसतात. तो प्रकाश किमान पाच अंश वर यायचा असेल तर त्याला आणखी अलीकडे, मनालीच्या अक्षांशापर्यंत, उतरावे लागेल. मे २०२४ च्या वादळात खुद्द हानलेहूनही ही लाली उत्तरेच्या डोंगरांवरच्या खालच्या आकाशातच होती, हे लक्षात घेतले म्हणजे आपल्या अपेक्षा कोठे ठेवाव्यात ते कळते.

पन्हाळ्यावर चढण्याचा फायदा होतो, पण थोडा. तेवढ्या उंचीवरून क्षितिज जेमतेम एका अंशाने खाली जाते, आणि उत्तरेला वारणेच्या खोऱ्यातील गावांचे दिवे तो फायदा बहुतेक खाऊन टाकतात.

अशी छायाचित्रे पुढे पाठवण्याआधी एक कसोटी लावून पाहावी. कोल्हापूरहून ध्रुवतारा उत्तर क्षितिजापासून सुमारे १७ अंशांवर, म्हणजे हात ताणून धरलेल्या एका वितीपेक्षा थोडा खालीच असतो. उत्तर नॉर्वेमध्ये तो जवळपास ७० अंशांवर असतो. छायाचित्रात तारे ओळखू येत असतील आणि ध्रुवतारा चौकटीत वर कोठेतरी चढलेला असेल, तर ते आकाश आपल्याकडचे नाही. दुसऱ्या देशातील आकाशाखाली पन्हाळ्याची तटबंदी चिकटवलेली आहे.

प्रश्न : माझी मुलगी ह्यूस्टनला असते. मे २०२४ मध्ये टेक्सासमधून अरोराची छायाचित्रे घेतली गेल्याचे तिने सांगितले. नकाशात ह्यूस्टन हानलेपेक्षा दक्षिणेला आणि दिल्लीच्या जवळपास त्याच अक्षांशावर दिसते. मग टेक्सासमध्ये दिसते ते दिल्लीत का दिसत नाही? (एक वाचक, कागल)

नकाशातील अक्षांश पृथ्वीच्या भ्रमणाच्या अक्षावरून मोजलेले असतात, परंतु ध्रुवीय प्रकाश त्या अक्षाला ओळखत नाही. सूर्याकडून आलेल्या वाऱ्यामुळे पृथ्वीच्या चुंबकीय क्षेत्रात साठलेली ऊर्जा भारित कणांच्या रूपाने चुंबकीय रेषांच्या वाटेने वातावरणात उतरते. म्हणून या प्रकाशाचे कडे भौगोलिक ध्रुवाभोवती न राहता चुंबकीय ध्रुवाभोवती असते. पृथ्वीच्या चुंबकीय क्षेत्राचा उत्तरेकडील अक्षबिंदू कॅनडाच्या उत्तर टोकाकडील एल्समिअर बेटाच्या बाजूला आहे, म्हणजेच तो अमेरिकेकडे झुकलेला आणि भारतापासून दूर गेलेला आहे.

या झुकावाचा हिशेब केला तर ह्यूस्टनचा चुंबकीय अक्षांश सुमारे ३८ अंश भरतो. हानलेचा २४ ते २५ अंश, दिल्लीचा २० ते २१ अंश आणि कोल्हापूरचा अवघा ९ अंशांच्या आसपास येतो. कोल्हापूरच्याच रेखांशावरून सरळ उत्तरेला निघालो, तर ह्यूस्टनएवढा चुंबकीय अक्षांश गाठण्यासाठी कझाकस्तानातील बलखाश सरोवरापर्यंत जावे लागेल. युरोप-अमेरिकेतील वर्तमानपत्रे ‘अतिदक्षिणेकडील ठिकाणी अरोरा’ असे मथळे देतात, तेव्हा त्यांची अतिदक्षिण आपल्या दृष्टीने बरीच उत्तर असते. भूचुंबकीय विषुववृत्त, म्हणजे चुंबकीय अक्षांश जेथे शून्य असतो ती रेषा, भारताच्या दक्षिण टोकाजवळून जाते. १९६३ मध्ये सुरू झालेल्या, वरच्या वातावरणाच्या संशोधनासाठीच्या अग्निबाण उड्डाणांकरिता केरळमधील थुंबा हे ठिकाण निवडण्यामागे हेच कारण होते. त्या संशोधनाला आपले जे स्थान लाभदायक ठरले, तेच ध्रुवीय प्रकाश पाहू इच्छिणाऱ्याला जगातील सर्वांत गैरसोयीच्या स्थानांपैकी एक आहे.

प्रश्न : नॉर्वेची छायाचित्रे हिरवी असतात आणि हानलेची लाल. असे का? आणि हानलेच्या लोकांना तो रंग डोळ्यांनी दिसला होता का? (इयत्ता अकरावीची विद्यार्थिनी, गडहिंग्लज)

तुझे दोन्ही प्रश्न एकमेकांत गुंतलेले आहेत. हिरवा आणि लाल हे दोन्ही रंग प्रामुख्याने ऑक्सिजनच्या अणूंचेच असतात. वरून आलेले कण या अणूंना ऊर्जा देतात आणि अणू ती ऊर्जा प्रकाशाच्या रूपाने परत टाकतात. हिरवा प्रकाश, ज्याची तरंगलांबी ५५७.७ नॅनोमीटर आहे, टाकायला अणूला एक सेकंदही लागत नाही. लाल प्रकाशासाठी, म्हणजे ६३० नॅनोमीटरसाठी, अणूला सरासरी दीड-दोन मिनिटे थांबावे लागते. एवढा वेळ मध्येच दुसऱ्या कणाची धडक बसली तर ऊर्जा धडकेतच जाते आणि प्रकाश निघत नाही. १०० किलोमीटर उंचीवर हवा अतिविरळ असली तरी अशा धडका बसण्याइतकी दाट असते, म्हणून तेथे लाल प्रकाश जवळजवळ निर्माण होत नाही. २०० किलोमीटरच्या वर हवा इतकी विरळ होते की अणूला तेवढी सवड मिळते. त्यामुळे हिरवा थर खाली आणि लाल थर वर, अशी मांडणी होते. नायट्रोजनचे निळे-जांभळे रंगही असतात, पण तुझ्या प्रश्नापुरते ते बाजूला ठेवू.

आता जोतिबाची चैत्र यात्रा आठव. गर्दीत फार मागे उभे राहिले तर सासनकाठीचे टोक तेवढे दिसते, काठी पेलणारी माणसे दिसत नाहीत. दक्षिणेकडून ध्रुवीय प्रकाश पाहणाऱ्याची अवस्था तशीच असते. खालचा हिरवा भाग पृथ्वीच्या वक्रतेआड राहतो आणि वरचे लाल टोक तेवढे क्षितिजावर येते. याशिवाय मोठ्या वादळांत ध्रुवीय प्रकाशाच्या कड्यापेक्षा दक्षिणेला, बरीच उंचावर, केवळ लाल प्रकाशाची एक संथ आणि पडदे नसलेली कमानही तयार होते. तिला स्थिर लाल कमान म्हणतात. पृथ्वीभोवती साठलेल्या वलयाकार विद्युत्प्रवाहातील उष्णता खाली झिरपल्यामुळे ती उजळते. हानलेच्या वेधशाळेतील संपूर्ण आकाश टिपणाऱ्या कॅमेऱ्याने मे २०२४ च्या आधी, एप्रिल २०२३ च्या वादळातही अशी लाली नोंदवली होती.

डोळ्यांचा प्रश्न अधिक अवघड आहे. अंधारात आपण डोळ्यांतील ज्या पेशींच्या जोरावर पाहतो त्या ६३० नॅनोमीटरच्या लाल प्रकाशाला जवळजवळ आंधळ्या असतात, आणि रंग ओळखणाऱ्या पेशींना काम करण्यासाठी बराच उजेड लागतो. त्यामुळे कॅमेऱ्यात गडद गुलाबी दिसणारे आकाश त्याच क्षणी तेथे उभ्या असलेल्या माणसाला फार तर उत्तरेला काहीशी फिकट, राखाडी उजळी आल्यासारखे वाटते, किंवा काहीच वाटत नाही. कॅमेरा दहा-वीस सेकंद प्रकाश साठवतो. डोळ्याला ती सोय नाही. दक्षिणेकडून आलेल्या छायाचित्रांना म्हणून खोटे म्हणू नये, परंतु ती डोळ्यांनी दिसलेल्या दृश्याची नोंद आहे असेही समजू नये.

प्रश्न : महाराष्ट्रातून ध्रुवीय प्रकाश दिसल्याची एखादी ऐतिहासिक नोंद आहे का? (एक निवृत्त शिक्षक, शाहूपुरी)

आहे, आणि ती मुंबईची आहे. रविवार, ४ फेब्रुवारी १८७२ रोजी पृथ्वीवर फार मोठे भूचुंबकीय वादळ झाले. ६ फेब्रुवारीच्या टाइम्स ऑफ इंडियाने दिलेल्या वृत्तानुसार, रविवारी सूर्यास्तानंतर मुंबईत अरोरा अंधूक दिसू लागला, त्याचे रंग सारखे बदलत राहिले, सोमवारी पहाटे तीनच्या सुमारास तो सर्वांत तीव्र झाला तेव्हा गडद जांभळा होता, आणि सूर्योदयापर्यंत तो दिसत राहिला. समुद्राखालून जाणाऱ्या तारायंत्राच्या केबलींवरही त्याच वेळी परिणाम झाल्याचे त्या वृत्तात म्हटले होते. तारायंत्रातील बिघाड आणि आकाशातील प्रकाश यांची वेळ जुळणे हा या नोंदीच्या बाजूने मोठा पुरावा आहे, कारण शहरातील एखाद्या आगीची लाली कोणी अरोरा समजला असता तरी केबलीने त्याला साथ दिली नसती. शिवाय त्याच वादळात सुदानमधील खार्टूमहून, तसेच चीन आणि जपानमधूनही हा प्रकाश दिसल्याच्या नोंदी आहेत. खार्टूमचा भौगोलिक अक्षांश कोल्हापूरपेक्षाही कमी आहे. मुंबईची नोंद एकाकी नाही, असा याचा अर्थ.

मग त्या रात्री कोल्हापूरहून काय दिसले असते? मुंबई आणि कोल्हापूर यांच्या अक्षांशांत दोन-सव्वादोन अंशांचा फरक आहे. क्षितिजाजवळचा तोच प्रकाश कोल्हापुरातून सुमारे अडीच अंश खाली दिसला असता. फेब्रुवारीची कोरडी हवा आणि विजेच्या दिव्यांच्या आधीचा अंधार या दोन गोष्टी त्या काळच्या निरीक्षकाच्या पदरात होत्या. कोल्हापूरहून ध्रुवीय प्रकाश दिसणे तत्त्वतः अशक्य नाही असे मी वर सूचित केले, त्यामागे ही रात्र आहे.

अनेक वाचक या संदर्भात १८५९ च्या वादळाचा उल्लेख करतात. १ सप्टेंबर १८५९ रोजी रिचर्ड कॅरिंग्टन आणि रिचर्ड हॉजसन या दोन इंग्रज निरीक्षकांनी सूर्यावर प्रखर ज्वाला पाहिली, आणि सुमारे साडेसतरा तासांनी पृथ्वीवर वादळ आदळले. क्यूबा आणि हवाईपर्यंत ध्रुवीय प्रकाश दिसला. या वादळाची अतिशय मोलाची नोंद मुंबईच्या कुलाबा वेधशाळेत झाली. तेथील चुंबकमापकाने पृथ्वीच्या क्षैतिज चुंबकीय बलात सुमारे १६०० नॅनोटेस्लाची (हे चुंबकीय क्षेत्र मोजण्याचे एकक) घट नोंदवली. तुलनेसाठी सांगायचे तर मे २०२४ च्या वादळाची जागतिक सरासरीने काढलेली घट सुमारे ४०० नॅनोटेस्ला होती. दोन्ही आकडे काढण्याच्या पद्धती वेगळ्या आहेत, त्यामुळे त्यांची थेट वजाबाकी करू नये, पण आवाका कळतो. मात्र कुलाब्याला ही घट झाली तेव्हा मुंबईत दिवसाची अकराची वेळ होती. इतिहासातील सर्वांत गाजलेले वादळ आपल्या माथ्यावर शिगेला पोहोचले ते लख्ख उजेडात.

कुलाब्याच्या चुंबकीय नोंदी १८४१ पासूनच्या आहेत. मुंबईत विजेच्या ट्रामगाड्या येणार आणि त्यांच्या प्रवाहांमुळे मोजमाप बिघडणार हे ओळखून, नानाभाई मूस संचालक असताना, १९०४ मध्ये हे काम अलिबागला हलवण्यात आले. ते आजही तेथे चालू आहे. महाराष्ट्रात ध्रुवीय प्रकाश पाहण्याची हौस बाळगणाऱ्याने एकदा अलिबागची ती वेधशाळा बाहेरून का होईना पाहावी, असे मला वाटते. जगभरातील अभ्यासक ज्या आकड्यांसाठी आपल्याकडे पाहतात ते येथे जमले आहेत.

प्रश्न : अशा वादळाने माणसाच्या प्रकृतीला काही अपाय होतो का? घरातील वडीलधारी मंडळी त्या रात्री बाहेर पडू देत नाहीत. (एक वाचक, इचलकरंजी)

जमिनीवरच्या माणसाला होत नाही. त्यासाठी वातावरणाचे कवच पुरेसे आहे. हानी होते ती वीजवाहिन्या, उपग्रह आणि दूरसंदेशवहन यांची. १३ मार्च १९८९ रोजी कॅनडाच्या क्वेबेक प्रांतातील वीजपुरवठा अशाच वादळामुळे सुमारे नऊ तास बंद पडला होता. वडीलधाऱ्यांना निर्धास्तपणे सोबत घेऊन बाहेर पडावे. थंडीचे दिवस असतील तर कानटोपी तेवढी असू द्यावी.

प्रश्न : आम्ही चार मित्र हानलेला जाण्याचा विचार करत आहोत. अरोरा दिसेल अशी तारीख आधी कशी ठरवावी? भ्रमणध्वनीवरील ॲप केपी निर्देशांक दाखवतात, त्यावर विसंबावे का? (एक वाचक, हातकणंगले)

तारीख आधी ठरवता येत नाही, हे उत्तर आपल्याला आवडणार नाही, पण सहलीचा खर्च पाहता ते स्पष्ट सांगणे बरे. हानलेहून लाली दिसण्यासाठी असामान्य वादळ लागते. असे वादळ बहुधा सूर्यावरून सुटलेल्या प्रचंड चुंबकीय ढगामुळे होते, आणि तो ढग सूर्यापासून पृथ्वीपर्यंत एक ते तीन दिवसांत पोहोचतो. म्हणजे बातमी कळल्यापासून आपल्या हातात फार तर तीन दिवस असतात. हानले समुद्रसपाटीपासून ४००० मीटरपेक्षा उंच आहे. तेथील वेधशाळा सुमारे ४५०० मीटरवर आहे. कोल्हापूरहून लेहला उतरून विरळ हवेची सवय होण्यासाठी दोन-तीन दिवस न थांबता पुढे अडीचशे किलोमीटर धावत सुटणे हे धाडस नसून अविचार आहे. त्या भागात जाण्यासाठी परवानाही काढावा लागतो. थोडक्यात, वादळाची वर्दी मिळाल्यावर निघणारा माणूस वादळ ओसरल्यावर पोहोचतो.

केपी निर्देशांकाबद्दल आपली शंका योग्य आहे. पृथ्वीचे चुंबकीय क्षेत्र किती खवळले आहे ते सांगणारा हा निर्देशांक दर तीन तासांसाठी काढला जातो आणि तो शून्य ते नऊ एवढाच असतो. नऊच्या पुढे आकडा नसल्याने मोठे वादळ आणि महावादळ यांतील फरक त्यात उमटत नाही, आणि आपल्यासारख्या दक्षिणेकडच्या निरीक्षकाला नेमका तोच फरक हवा असतो. उत्तर नॉर्वेतील ट्रॉम्सोमध्ये राहणाऱ्याला केपी तीन की पाच हे महत्त्वाचे. आपल्याला नऊ म्हणजेही पुरेसे नाही. त्याऐवजी डीएसटी नावाचा निर्देशांक पाहावा, जो चुंबकीय बलातील घट नॅनोटेस्लात सांगतो आणि जपानमधील क्योटो येथील केंद्र दर तासाला प्रसिद्ध करते. तो विषुववृत्ताच्या तुलनेने जवळच्या वेधशाळांवरून काढला जातो आणि त्याला खालची मर्यादा नाही. मे २०२४ मध्ये तो उणे ४०० च्या आसपास, तर मार्च १९८९ मध्ये उणे ५८९ पर्यंत गेला होता. तो उणे दोनशेच्याही खाली जात नाही तोवर हानलेसाठी उत्साहित होऊ नये, असा माझा स्वतःचा ठोकताळा आहे.

वादळ अंगावर येऊन ठेपले की अखेरची सूचना पृथ्वीपासून १५ लाख किलोमीटर अंतरावर, सूर्याच्या दिशेला असलेल्या उपग्रहांकडून मिळते. आपले आदित्य-एल१ हे यानही ६ जानेवारी २०२४ पासून तेथेच फिरत आहे. सौर वारा सेकंदाला ५०० ते ८०० किलोमीटर वेगाने येत असेल, तर तेथून पृथ्वीपर्यंत यायला त्याला अर्धा ते पाऊण तास लागतो. त्या वाऱ्याच्या चुंबकीय क्षेत्राची दिशा दक्षिणेकडे वळलेली आणि तासन्‌तास तशीच राहिलेली असेल तर वादळ जोर धरते. उत्तरेकडे वळलेली असेल तर मोठ्या गाजावाजाने आलेला ढगही निमूट निघून जातो. ही दिशा ढग या उपग्रहांजवळ येईपर्यंत खात्रीने कळत नाही. समाजमाध्यमांवर दोन दिवस आधीच ‘अमुक रात्री अरोरा’ असे सांगणाऱ्यांपाशी ही माहिती असूच शकत नाही.

माझा सल्ला असा की, हानलेला जरूर जावे, पण आकाशगंगा पाहण्यासाठी जावे. हा परिसर २०२२ पासून अंधाराकाश राखीव क्षेत्र आहे आणि आकाश दाखवण्याचे प्रशिक्षण घेतलेले गावकरी तेथे आहेत. अमावास्येच्या मागेपुढे पाच दिवस निवडावेत. मे २०२४ चे वादळही अमावास्येनंतर दोन-तीन दिवसांतच आल्यामुळे छायाचित्रे एवढी स्वच्छ निघाली. मुक्कामी असताना वादळ आलेच तर कॅमेरा तिकाटण्यावर ठेवून उत्तरेकडे रोखावा, वीस सेकंदांपर्यंत प्रकाश घ्यावा आणि दर काही मिनिटांनी एक छायाचित्र काढत राहावे.

ध्रुवीय प्रकाश हाच एकमेव हेतू असेल तर पैसे साठवून सप्टेंबर ते मार्च या काळात नॉर्वेतील ट्रॉम्सो, स्वीडनमधील आबिस्को किंवा फिनलंडमधील रोव्हानिएमी गाठावे. तेथे वादळाची वाट पाहावी लागत नाही. ढग नसतील तर साध्या रात्रीही हिरवे पडदे दिसतात. ‘लडाखमध्ये अरोराची हमी’ अशी जाहिरात एका वाचकाने कात्रण कापून पाठवली आहे. अशी हमी देणाऱ्याला पैसे देण्याआधी तो सूर्याशी कोणता करार करून आला आहे, हे विचारावे.

प्रश्न : मी मसाई पठारावरून रात्रीच्या आकाशाची छायाचित्रे काढतो. डिसेंबरमधील काही छायाचित्रांत क्षितिजापासून थोड्या उंचीवर फिकट हिरवे पट्टे आले आहेत आणि एका छायाचित्रात उत्तरेला लालसर उजेडही आहे. हा अरोराचा अंश असेल का? (एक वाचक, कोल्हापूर)

लालसर उजेडाचा उलगडा आधी करू. डिसेंबर हा गळिताचा हंगाम आहे. ऊस तोडून झालेल्या फडात पाचट पेटवले की त्या आगीची लाली धुरावर आणि खालच्या ढगांवर पसरते आणि पंधरा-वीस किलोमीटरवरूनही कॅमेऱ्यात उतरते. साखर कारखान्यांचे दिवेही धुक्यात असाच आभास निर्माण करतात. आपल्याकडे त्याच दिशेची अर्ध्या तासाच्या अंतराने काढलेली छायाचित्रे असतील तर ती शेजारी ठेवून पाहावीत. लाली ताऱ्यांना झाकत असेल, क्षितिजाशी सर्वांत गडद असेल आणि वीस-पंचवीस मिनिटांत विझत असेल, तर ती फडाचीच आहे.

हिरव्या पट्ट्यांबद्दल मात्र आपले अभिनंदन करायला हवे. तो अरोरा नाही, पण त्याच घराण्यातील आहे. दिवसा सूर्याची अतिनील किरणे वरच्या वातावरणातील रेणू फोडतात आणि त्यांतील काहींवर विद्युत्भार चढवतात. रात्री हे अणू आणि आयन पुन्हा एकत्र येताना साठलेली ऊर्जा प्रकाशरूपाने टाकतात. याला वातावरणीय दीप्ती म्हणतात. ती रोज रात्री, पृथ्वीच्या प्रत्येक भागावर असते. तिला सौर वादळ लागत नाही. तिचे रंगही तेच आहेत : सुमारे ९७ किलोमीटर उंचीवर ऑक्सिजनचा ५५७.७ नॅनोमीटरचा हिरवा आणि सुमारे अडीचशे किलोमीटरवर ६३० नॅनोमीटरचा लाल. क्षितिजाच्या बाजूला पाहताना आपली नजर या थरातून तिरकी, अधिक लांबवर जाते, म्हणून तेथे हिरवेपणा अधिक उठून दिसतो, आणि वातावरणातील लाटांमुळे त्यात पट्टे पडतात.

या प्रकाशाचा अभ्यास कोल्हापुरात प्रत्यक्ष झालेला आहे, हे आपल्यापैकी अनेकांना माहीत नसावे. शिवाजी विद्यापीठाच्या परिसरातून भारतीय भूचुंबकत्व संस्थेने वरच्या वातावरणाची निरीक्षणे घेतली आहेत आणि संपूर्ण आकाश टिपणाऱ्या कॅमेऱ्याने हेच दोन रंग वर्षानुवर्षे नोंदवले गेले आहेत. भूचुंबकीय विषुववृत्ताच्या जवळ असल्यामुळे येथे सूर्यास्तानंतर आयनांच्या थरात विरळ बुडबुडे तयार होऊन वर चढतात. लाल दीप्तीच्या छायाचित्रांत ते उत्तर-दक्षिण पसरलेल्या काळ्या पट्ट्यांसारखे दिसतात आणि हळूहळू पूर्वेकडे सरकतात. दिशादर्शक उपग्रहांचे संदेश त्यांच्यामुळे विस्कळीत होतात, म्हणून त्यांचा अभ्यास महत्त्वाचा आहे. ट्रॉम्सोच्या रहिवाशाला हे बुडबुडे आपल्या अंगणातून कधी दिसायचे नाहीत.

आपल्या पुढील छायाचित्रांसाठी काही सूचना. चारही दिशांना सारख्याच अवधीची छायाचित्रे घ्यावीत. हिरवेपणा सर्वत्र असेल तर तो दीप्तीचा, एकाच दिशेला असेल तर बहुधा दिव्यांचा. चंद्र नसलेली रात्र निवडावी. कॅमेऱ्याचे रंगसंतुलन स्वयंचलित न ठेवता एकाच मूल्यावर स्थिर ठेवावे, नाहीतर एका छायाचित्रातील हिरवा दुसऱ्यात राखाडी होतो. मसाईवरून पश्चिमेची बाजू, गगनबावड्याकडची, सर्वांत अंधारी मिळते. सुरुवात तिकडून करावी. प्रत्येक छायाचित्रावर वेळ, दिशा आणि अवधी यांची नोंद करून ठेवावी आणि दोन-तीन चांगल्या रात्रींचे संच जमले की ते विद्यापीठाच्या भौतिकशास्त्र विभागात दाखवावेत.